दिवसभर घरी कोणी नसताना कुत्रीला परसात मोकळं सोडावं का? सल्ला हवा आहे

परसातली_जाई (नाशिक)

नमस्कार मंडळी. आम्ही नुकतेच फ्लॅट सोडून मखमलाबादच्या बाजूला स्वतंत्र घरात राहायला आलोय. पुढे लहानसं अंगण आहे आणि मागे ऐसपैस परस. परसात आंबा, चिकू, कुंपणालगत कण्हेर आणि भिंतीपलीकडे दुसऱ्यांची द्राक्षबाग. भिंत साधारण पाच फुटांची, गेट गजांचं.

आमची चिंगी देशी आहे, दोन वर्षांची. लसी वेळेवर झाल्यात, नसबंदी अजून केलेली नाही. फ्लॅटमध्ये दुपारी सासूबाई तिच्याजवळ असायच्या, पण आता त्या गावी असतात. आम्ही दोघंही साडेनऊला बाहेर पडतो ते सहाच्या पुढे परततो. मागच्या दाराला खाली झडपेचं छोटं दार बसवावं, म्हणजे ती हवं तेव्हा आत-बाहेर करेल, असा विचार आहे. सुताराशी बोलणंही झालंय. तुमच्यापैकी कोणी असं ठेवता का? त्याआधी काय काय तपासून घ्यावं? दिवसभर तिला कोंडून ठेवायचं जिवावर येतं, म्हणून विचारतेय.

मोत्याचा_दादा

ताई, सोडा मोकळं. आमच्या गावी सगळ्यांची कुत्री बाहेरच असतात आणि चांगली बारा-तेरा वर्षं जगतात. देशी कुत्रं काटक असतं. फक्त पाण्याचं भांडं जड घ्या, मातीचं किंवा सिमेंटचं, म्हणजे ती ते उलथवणार नाही. आणि सावली बघा.

रानवाट_जुन्नर

दादांचं बरोबर आहे, गावात कुत्रं मोकळं असतं. पण ते एकटं नसतं, हे लक्षात घ्या. ओट्यावर आजी बसलेली असते, गोठ्यात कोणी ना कोणी असतं, शेतातून माणसं ये-जा करत असतात. कुत्रं वेगळ्या आवाजात भुंकलं की चार जण बाहेर येतात. जाईताईंच्या घरी साडेआठ तास कोणीही ऐकायला नाही. हा फरक फार मोठा आहे.

दुसरी गोष्ट बिबट्याची. मी जुन्नर भागातला, त्यामुळे हे आधी मनात येतं. पण नाशिकच्या मखमलाबाद, गंगापूर रोड बाजूलाही बिबट्या येतो हे तिथल्या लोकांना सांगायला नको. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला होता. पाच फुटांची भिंत बिबट्याला अडवत नाही. भर दुपारी धोका कमी, खरा धोका तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत. पण तुम्ही सहाच्या पुढे येता म्हणता. डिसेंबरात त्या वेळी अंधारून येतं. एखाद्या दिवशी उशीर झाला तर चिंगी अंधारात बाहेरच असेल आणि ते झडपेचं दार उघडंच असेल. परिसरात बिबट्या दिसला तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

पशुवैद्य_सातारा

माझ्याकडे येणाऱ्या केसेसवरून लिहितो. जाईताई, तुम्ही वर्णन केलेल्या परसात मला बिबट्याआधी इतर गोष्टी दिसल्या.

कण्हेर आधी काढा. पान, फूल, फांदी, सगळंच विषारी आहे आणि थेट हृदयावर परिणाम करतं. छाटलेल्या फांद्याही तिथे पडू देऊ नका. कुंडीत सायकस असेल तर तोही हलवा, त्याच्या बियांनी यकृत निकामी होतं.

द्राक्षं. नाशिककरांना हे सांगताना दरवेळी आश्चर्य वाटलेलं पाहतो, पण द्राक्ष आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पाडू शकतात. किती खाल्ल्यावर त्रास होईल याचा भरवसा नाही. एखाद्या कुत्र्याला मूठभरही पुरतात. जानेवारी ते एप्रिल काढणीच्या दिवसांत भिंतीवरून घड किंवा मणी आत पडतात का ते रोज पाहा. शिवाय बागेत फवारण्या सतत चालू असतात. फवाऱ्याचे तुषार वाऱ्याने आले की बाहेरच्या पाण्याच्या भांड्यात उतरतात आणि गवतावर बसतात, तेच गवत कुत्री चघळतात. बागवाल्यांचा नंबर घेऊन ठेवा, फवारणीच्या दिवशी ते कळवतील. उंदरांसाठी ते कोणतं औषध टाकतात, हेही विचारा. गुलाबी-निळ्या वड्या असतात त्यांनी रक्त गोठणं थांबतं, आणि लक्षणं दिसायला दोन-चार दिवस जातात. वेळेत कळलं तर ‘क’ नव्हे, ‘के’ जीवनसत्त्वाने कुत्रं वाचतं. त्यासाठी औषधाचं नाव माहीत असणं महत्त्वाचं.

साप. विटांचा ढीग, सरपण, पालापाचोळा असेल तर उंदीर येतात, त्यांच्या मागे नाग आणि घोणस. कुत्रं नाक घालून हुंगतं, त्यामुळे दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. माणसांना देतात तेच प्रतिविष कुत्र्यालाही चालतं, पण ते किती लवकर मिळतं यावर सगळं अवलंबून आहे. सकाळी अकराला दंश झाला आणि तुम्हाला सहाला कळलं, तर माझ्या हातात फारसं काही उरत नाही. मला या सगळ्यात सर्वांत जास्त भीती याचीच वाटते.

आणि नसबंदी लवकर करून घ्या. माजावर आलेली कुत्री परसात एकटी असेल तर वस्तीतले कुत्रे पाच फुटांवरून सहज येतील, किंवा तीच बाहेर जाईल. साधारण ६३ दिवसांनी पिल्लं. त्यापलीकडे गर्भाशयात पू होण्याचा आजारही टळतो. माज नुकताच होऊन गेला असेल तर डॉक्टर थोडं थांबायला सांगतील.

परसातली_जाई

बापरे. कण्हेरीचं थोडं ऐकून होते, द्राक्षांचं अजिबात माहीत नव्हतं. डॉक्टर, मनापासून धन्यवाद. नसबंदीचं या आठवड्यात विचारते.

शेजारचे काका म्हणाले की झडप नको, लांब साखळी तारेवर सरकती ठेवा, म्हणजे भिंतीपर्यंत पोचणार नाही. ते कसं?

रानवाट_जुन्नर

नको. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही. साप आला, दोन मोकाट कुत्रे आत शिरले, बिबट्या आला, तर ते जागच्या जागी सापडतं. साखळी झाडाच्या बुंध्याला गुंडाळली गेली तर पाणी हातभर अंतरावर असूनही मिळत नाही.

पशुवैद्य_सातारा

सहमत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी दिवसभर बांधलेलं कुत्रं चिडकं होत जातं.

कोथरूडकर_मीरा

जाईताई, आमचंही बंगल्याचं घर, दोघंही नोकरीत. आम्ही कुत्रा आतच ठेवतो आणि माझं मत ठाम आहे: परस त्याच्यासोबत वापरायची जागा आहे, त्याला ठेवून जायची नाही. परसात सोडलं की कुत्रं खेळतं, पळतं, असं आपल्याला वाटतं. घरातल्या कॅमेऱ्यावर बघा, ते बहुतेक वेळ दाराशी तुमची वाट पाहत पडून असतं, नाहीतर गेटशी उभं राहून जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकतं. त्याने व्यायाम होत नाही, ताण वाढतो. शेजाऱ्यांच्या तक्रारी वेगळ्याच.

“कोंडून ठेवणं” हा शब्द मनातून काढा. सकाळी निघण्याआधी भरपूर फिरवून आणा, हुंगू द्या, घाई करू नका. मग थंड फरशीची खोली, पंखा, पडदा ओढलेला, रस्त्याकडची खिडकी बंद. पोकळ रबरी खेळण्यात साधा दही-भात भरून (कांदा-लसूण नाही) रात्री फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि निघताना द्यायचा. चाटत बसण्यात पहिला अवघड काळ निघून जातो.

पण साडेआठ तास सलग जास्त होतात, हे मात्र खरं. दुपारी कोणीतरी यायला हवंच. स्वयंपाकाच्या मावशी, कॉलेजला जाणारं शेजारचं मूल, कुत्री फिरवणारं कोणी. त्या माणसाची आणि चिंगीची ओळख तुम्ही घरी असताना आधी करून द्या. त्या अर्ध्या तासात ती परसात जाईल, सोबतीने. झडपेच्या दाराचे पैसे मी या माणसावर खर्च करीन.

मोत्याचा_दादा

रानवाट म्हणतात ते पटलं. आमच्या घरी कायम माणसं असतात, तो विचार मी केला नव्हता. तरी दिवसभर चार भिंतींत ठेवण्यापेक्षा थोडी मोकळी हवा मिळावी असं वाटतं. मागच्या ओट्यावर जाळीची बंद जागा करता येईल का? वरूनही बंद, खाली फरशी, घराच्या दाराला लागून.

पशुवैद्य_सातारा

हा पर्याय चांगला आहे, मी तो बऱ्याच जणांना सुचवतो. जाड वेल्डमेश जाळी, वरचं छत बंद, खाली कोबा, म्हणजे उकरता येत नाही. जाळीची भोकं बारीक हवीत. तळाचा दोन फुटांचा भाग आणखी बारीक जाळीने मढवा, साप आत येणार नाही. छताला नुसता पत्रा नको. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली भट्टी होते, आणि कुत्र्याला घाम येऊन अंग थंड करता येत नाही, ते धापा टाकूनच उष्णता बाहेर सोडतं. कुत्र्याचं अंग एरवीही १०१ ते १०२ फॅरनहाइटच्या आसपास असतं; १०४ च्या वर गेलं की काळजी करायची. साधं पाणी अंगावर ओतून पंखा लावायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. म्हणून उन्हाळ्यात त्या जागेतून घरात यायचं दार उघडं हवं.

पावसाळ्यात तिथे पाणी साचू देऊ नका. उंदराच्या लघवीतून लेप्टो पसरतो. तुम्ही दिलेल्या लसीत तो आहे का, तेही विचारून घ्या. आणि गोचीड. परसात जाणाऱ्या कुत्रीला गोचिडांचं औषध वर्षभर हवं, फक्त पावसाळ्यात नाही.

परसातली_जाई

सगळ्यांचे आभार. घरी बसून बोललो. सुताराला थांबवलंय. कण्हेर रविवारी मुळासकट काढणार. चिंगी दिवसा आत राहील. स्वयंपाकाच्या मावशी एक वाजता येऊन अर्धा तास थांबायला तयार आहेत, त्यांना वाढीव पैसे ठरवलेत. ओट्यावरच्या जाळीचं काम दिवाळीनंतर करू. एकच विचारायचं राहिलं: फटाक्यांच्या दिवसांत मावशी नसतील आणि आम्हाला संध्याकाळी थोडा वेळ बाहेर जावं लागलं तर?

कोथरूडकर_मीरा

त्या चार दिवसांत दोघांनी एकदम बाहेर जाऊ नका, एकाने घरी थांबा. अगदीच नाइलाज असेल तर आतल्या खोलीत, टीव्ही चालू ठेवून, गळ्यात नाव-फोनचा बिल्ला घालून. आणि घाबरट असेल तर डॉक्टरांशी आत्ताच बोला, आयत्या वेळी औषध सुरू करू नका.