लांब पळून आलं की टी-शर्टला अमोनियाचा वास! किडनीचं काही असेल का?

पहाटपळ्या:
मंडळी, विषय नाक मुरडायला लावणारा आहे, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

गेला महिनाभर दर रविवारी १८ ते २० किलोमीटर पळतोय. घरी येऊन टी-शर्ट डोक्यावरून काढताना तो क्षणभर नाकाशी अडकतो आणि तेवढ्यात डोळ्यांत पाणी येतं. नेहमीचा आंबूस, घामट वास नाही हा. केसांचा डाय कालवताना जो भपकारा येतो ना, तस्सा झोंबणारा. वाळला की वास जवळजवळ गायब. मग साबणपावडरच्या बादलीत बुडवला की पुन्हा भसकन वर! बुधवारी ५ किलोमीटर पळतो तेव्हा मात्र काही नाही. टी-शर्ट तोच, माणूसही तोच.

वजन उतरवायचं म्हणून सध्या पिष्टमय खाणं जवळपास बंद आहे आणि पळायला उपाशीपोटी जातो. पाणीही बेताचंच पितो, नाहीतर वाटेत आडोसा शोधावा लागतो. बायकोने टी-शर्टला वॉशिंग मशीनबंदी केलीय आणि किडनी तपासून घे म्हणून मागे लागलीय.

आळशी_कासव:
म्हणूनच मी पळत नाही. (गंमत हो. साबणपावडर बदलून बघा, आमच्याकडे फरक पडला होता.)

परीक्षानळी:
पावडर बिचारी निर्दोष आहे. ५ किलोमीटरला वास नाही, २०ला आहे, यातच निम्मं उत्तर आलं.

मोठ्या माणसाच्या स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन असतं, म्हणजे साखरेचा साठा. तुमची कोठी मुळातच अर्धी रिकामी, त्यात रात्रभराचा उपास. तास-दीड तासाने ती तळाला गेली की शरीर चरबीच्या जोडीला अमिनो आम्लंही (म्हणजे प्रथिनांचे घटक) जास्त प्रमाणात जाळायला काढतं. आता साखरेत आणि चरबीत नायट्रोजन नसतो, अमिनो आम्लात असतो. जाळण्याआधी तो सोलून बाजूला काढावा लागतो, आणि त्याचा होतो अमोनिया.

यकृत त्याचा युरिया करतं. (युरिया बनवण्याचं ते चक्र १९३२ साली क्रेब्स आणि हेन्सेलाइट यांनी उलगडलं. शाळेत पाठ केलेलं ‘क्रेब्स चक्र’ त्यानंतर ५ वर्षांनी आलं. उगाच आठवलं म्हणून.) पण पळताना रक्त पायांकडे वळतं, यकृताच्या वाट्याला कमी येतं. शिवाय जोर लावला की स्नायूंतही अमोनिया तयार होतच असतो. त्यातला थोडा घामावाटे निघतो. पाणी कमी प्यायल्यावर तोच घाम आणखी दाट.

एक सांगा, वास नेमका कुठे आहे? काखेत की पाठीवर?

पहाटपळ्या:
आत्ताच हुंगून आलो. बायकोने बघितलं, काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. पाठीवर सगळ्यात जास्त, मानेपासून कमरेपर्यंत. काखेत वेगळाच आहे, कांद्यासारखा. आणि ते बादलीचं काय?

परीक्षानळी:
मग जुळलं. काखेतला वास तिथल्या वेगळ्या ग्रंथींच्या स्रावावर जिवाणू करतात. तुमचा आहे तो अंगभर पसरलेल्या साध्या घर्मग्रंथींचा.

बादलीची गंमत अशी, की घाम सहसा किंचित आम्लधर्मी असतो. त्यात बराचसा अमोनिया अमोनियमच्या रूपात दबून बसतो, आणि त्याला वास नसतो. साबणपावडर अल्कधर्मी. तिच्या पाण्यात पडताच अमोनियमचा पुन्हा वायू होतो आणि थेट तुमच्या नाकात.

किडनीबद्दल: फक्त लांब पळाल्यावरच वास येत असेल तर आधी खाण्यापिण्याकडे बघा. पण न पळताही तोंडाला, अंगाला असा वास येऊ लागला, पाय सुजले, लघवीला फेस राहू लागला, तर डॉक्टरांना गाठा. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो एक टाकाऊ पदार्थ) बघणं साधी तपासणी आहे, बायकोच्या समाधानासाठी करायलाही हरकत नाही.

धुण्याचा_ढीग:
एक भर घालते. आमच्याकडे मुलाचे कपडे जिमच्या बॅगेत दोन दिवस कोंडलेले असतात, तेव्हा असाच वास येतो, आणि तो काही २० किलोमीटर पळत नाही. तिथे काम जिवाणूंचं. घामातल्या युरियाचा एक रेणू फोडला की अमोनियाचे दोन मिळतात. म्हणून पळून आल्या आल्या वास आला तर तो शरीराचा, दुसऱ्या दिवशी बॅगेतून आला तर कोंडलेल्या ओलाव्याचा.

उपाय: काढल्याबरोबर साध्या पाण्यातून खळबळून वाळत टाका. वास मुरलाच असेल तर बादलीभर पाण्यात कपभर पांढरं व्हिनेगर, अर्धा तास भिजवा, मग धुवा. फॅब्रिक कंडिशनर नको, पॉलिएस्टरवर त्याचा थर बसतो आणि आतलं तेलकट निघत नाही. आणि ब्लीच अजिबात नको! व्हिनेगरबरोबर त्यातून क्लोरीन सुटतो, अमोनियाबरोबर क्लोरामाइन. दोन्ही विषारी.

पहाटपळ्या:
तीन आठवड्यांनी लिहितोय. क्रिएटिनिन नॉर्मल. शनिवारी रात्री पिष्टमय पदार्थांसकट पोटभर जेवतो, निघताना एक केळं आणि वाटेत घोट घोट पाणी. आडोसा एकदाच शोधावा लागला. पहिल्या दोन रविवारी वास नाही. परवा उशीर झाला, तसाच उपाशी पळालो, आणि टी-शर्ट काढताना तोच भपकारा. आता मला तरी पटलं. टी-शर्टला मशीनमध्ये प्रवेश मिळालाय, पण एकट्यालाच.

फक्त वजनकाटा १ किलोने वर सरकलाय हो.

परीक्षानळी:
त्यातलं बरंचसं पाणी आहे. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर ३ ग्रॅमच्या आसपास पाणी साठतं. कोठी भरली, एवढंच.

आळशी_कासव:
माझी कायम भरलेली असते.