शेवाळापासून डिझेल : पालघरच्या एकरभर जमिनीवर करार करावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही मुलुंडला राहतो. गावची एक एकर जमीन पालघर तालुक्यात पडून आहे. मागच्या महिन्यात दादरच्या एका हॉलमध्ये बाबा एका कंपनीच्या शिबिराला गेले आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तलाव कंपनी बांधणार, बियाणं देणार, तयार शेवाळ तीच विकत घेणार. आपण १८ लाख भरायचे. ही बाबांच्या ग्रॅच्युइटीतली जवळजवळ सगळी रक्कम आहे, आणि पुढच्या आठवड्यात सही आहे.

शिबिरात सांगितलेलं सगळंच खोटं नाही. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २ आणि २०३० ला ५ टक्के शाश्वत इंधन मिसळायचं सरकारचं उद्दिष्ट खरंच आहे. पण ते वापरलेल्या खाद्यतेलापासून किंवा इथेनॉलपासूनही होतं, शेवाळच हवं असं नाही. आणि २००९ पासून शेवाळावर काम करणाऱ्या एक्सॉनमोबिल या अमेरिकन तेल कंपनीने २०२३ मध्ये त्यातून अंग काढून घेतलं, हे तिथे कुणी बोललं नाही.

माझी खरी शंका वेगळी आहे. शिबिरात हिरवं पाणी साध्या कापडातून गाळून दाखवलं आणि वर राहिलेला गोळा 'हेच तेल' म्हणून सगळ्यांच्या हातावर ठेवला. बाबांनी तो रुमालात गुंडाळून घरी आणला. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून दुसऱ्या दिवशी चिमूटभर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बॉलपेनातल्या स्प्रिंगसारखे वेटोळेच वेटोळे. ही स्पिरुलिना नावाची शेवाळाची जात आहे, दुसरं काही नाही. प्रथिनांसाठी उत्तम, पण तेल वाळलेल्या वजनाच्या दहा टक्क्यांच्याही आत. मी गॅलरीत २० लिटरच्या बाटलीत क्लोरेला हे सुट्या, एकेकट्या पेशींचं शेवाळ वाढवून तेच कापड लावून पाहिलं, तर पाणी खाली उतरलं ते तसंच हिरवंगार. इतक्या बारीक पेशी कापडावर राहतच नाहीत, त्यांना सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरागरा फिरवून पाण्यातून पेशी वेगळ्या करणारं यंत्र लागतं.

हिशोबही मांडला. उघड्या तलावात रोज चौरस मीटरला १५ ग्रॅम सुकं शेवाळ धरलं, तर एकरात साधारण ६० किलो. लिटरमागे अर्धा ग्रॅम शेवाळ असेल, तर एवढ्यासाठी रोज १ लाख २० हजार लिटर पाणी गाळायचं! तेल २५ टक्के धरलं (स्पिरुलिनात तेवढं नाहीच) तरी १५ किलो, म्हणजे १६ लिटर. डिझेलचा भाव ९० धरला तरी दिवसाला दीड हजारही होत नाहीत. त्यातून वीज, खत, मजुरी. आणि आपल्याकडचे पावसाळ्याचे चार महिने? ऊन नाही, तलाव भरून वाहणार.

हे सगळं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, ती माणसं शिकलेली आहेत." त्यांच्याशी भांडायचं नाही मला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ते इतके उत्साहात आहेत.

जाणकारांनी कृपया सांगावं : माझ्या हिशोबात कुठे चूक आहे का? वाळवलेल्या नमुन्यातलं तेलाचं प्रमाण मुंबईत कुठे तपासून मिळेल? माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) ऊर्जा-जैवशास्त्राचं केंद्र आहे, तिथे बाहेरच्यांचा नमुना घेतात का? करारात खरेदीचा भाव सुक्या वजनावर आहे की ओल्या गोळ्यावर, हे अजून लिहूनच दिलेलं नाही. सहीआधी आणखी काय काय मागून घ्यावं?

पालघर-वसई भागात कुणी असा तलाव प्रत्यक्ष चालवत असेल तर बाबांना घेऊन रविवारी पाहायला येईन. माझ्यापेक्षा त्यांच्या शब्दाला ते जास्त मान देतील.