मदत हवी आहे : गोष्टीतला मुख्य मुद्दा मुलांना कसा शोधायला शिकवावा?

नमस्कार. भांडुपला आमच्या चाळीत संध्याकाळी तिसरी-चौथीच्या मुलांचं वाचन घेते. मुलं न अडखळता वाचतात, पण "गोष्ट कशाबद्दल होती?" विचारलं की गाडी अडते.

परवा चिऊ-काऊची गोष्ट घेतली. एक जण म्हणाला, "पावसाबद्दल." एकीने शेणाच्या घरापासून "थांब, माझ्या बाळाला तीट लावते" पर्यंत अख्खी गोष्ट पुन्हा सांगितली. तिसरा म्हणाला, "तात्पर्य, दुसऱ्याला मदत करावी." यातलं काहीच चूक म्हणवत नाही. पण घर वाहून गेलेला कावळा आसरा मागतो आणि चिमणी त्याला दाराबाहेर ताटकळत ठेवते, हे कोणीच सांगितलं नाही!

मग फळ्यावर लिहिलं : कोणाला काय हवं होतं? अडचण काय आली? त्याने काय केलं? गोष्टींसाठी याचा चांगला उपयोग होतोय. माहितीच्या उताऱ्याला मात्र हे प्रश्न लागू पडत नाहीत. डबेवाल्यांवरच्या उताऱ्यात मुलांनी पहिलंच वाक्य उचललं. डब्यावरच्या खुणांमुळे प्रत्येक डबा योग्य जागी पोचतो, हा मुद्दा शेवटी होता.

प्राथमिकच्या शिक्षकांना विचारायचंय : अशा उताऱ्यांसाठी तुम्ही काय करता? शीर्षक झाकून मुलांना नवं द्यायला सांगणं कोणी करून पाहिलंय का? आणि "पावसाबद्दल" म्हणणाऱ्या मुलाला, तो हिरमुसणार नाही असं, पुढे कसं न्यायचं? तो मुळात फार कमी बोलतो, म्हणून जास्त काळजी वाटते.