वाचायला शिकल्यावर मुलांचे ऐकणेही बदलते का?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक)

आमची मुलगी यंदा मराठी माध्यमाच्या पहिलीत आहे. जूनमध्ये भेंड्या खेळताना गाण्याचे शेवटचे अक्षर कोणते, हे तिला सांगावे लागे. ओळ ‘आला’वर संपली की ती पुन्हा ‘आला’नेच सुरू होणारे गाणे शोधू लागायची. दिवाळीनंतर, बाराखडी बऱ्यापैकी बसल्यावर, ‘ला आला, म्हणजे ल’ असे ती स्वतःच ठरवू लागली. याउलट माझ्या सासूबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांना जात्यावरच्या कितीतरी ओव्या तोंडपाठ आहेत, पण भेंड्यांत त्या हटकून अडतात. वाचनामुळे ऐकलेली भाषा हाताळण्याची मेंदूची रीतच बदलते, की मुलीच्या बाबतीत हा केवळ वाढत्या वयाचा परिणाम आहे?

उत्तर १ (वाचा-उपचारतज्ज्ञ, कॉलेज रोड)

केवळ वयाचा नाही, आणि त्याचा पुरावा तुमच्या सासूबाईंसारख्या प्रौढांकडूनच मिळालेला आहे. जोझे मोराइस आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये पोर्तुगालमधील निरक्षर प्रौढांना ऐकलेल्या शब्दाचा पहिला ध्वनी गाळायला किंवा त्याआधी एक ध्वनी जोडायला सांगितले. बहुतेकांना ते जमले नाही. त्यांच्यासारख्याच परिस्थितीत वाढलेल्या, पण मोठेपणी साक्षर झालेल्यांना मात्र ते बरेच जमले. स्तानिस्लास देहान यांच्या गटाने २०१० मध्ये ब्राझील आणि पोर्तुगालमधील ६३ प्रौढांच्या मेंदूची चित्रे तपासली, तेव्हा साक्षरांच्या मेंदूत दोन ठळक फरक दिसले: डाव्या बाजूला मागे-खाली असलेला दृष्टीचा एक भाग लिखित शब्दांना विशेष प्रतिसाद देत होता, आणि बोलणे नुसते ऐकतानाही श्रवणकेंद्रालगतचा, ध्वनींची छाननी करणारा भाग अधिक जोमाने काम करत होता. मुलांच्या बाबतीत २०१८ मध्ये फ्रान्समधील सहा वर्षांच्या दहा मुलांची शाळेच्या पहिल्या वर्षात ठरावीक अंतराने तपासणी झाली. लिखित शब्दांना प्रतिसाद देणारी ही जागा शाळा सुरू झाल्यावर काही महिन्यांतच तयार होताना दिसली.

मात्र सासूबाईंची भाषा कुठे उणी आहे, असा अर्थ यातून काढू नये. स्मरण, लय, व्याकरण हे सारे लिपीवाचून येते. बोललेला शब्द अर्थापासून सोडवून त्याचे तुकडे पाहणे, एवढेच लिपी शिकवते.

उत्तर २ (प्राथमिक शिक्षक, पेठ तालुका)

वरील प्रयोग रोमन लिपीतील भाषांवरचे आहेत, हे लक्षात ठेवावे. आपल्या मुलांना ‘कमळ’चे क-म-ळ करायला फारसे शिकवावे लागत नाही, मोठी मुले ज्या ‘च’च्या भाषेत ‘तुला’चे ‘चलातु’ करतात, तिच्यातही अख्खे अक्षरच उचलले जाते. अडते ते पुढे. ‘पाय’मधला ‘प्’ काढला तर काय उरेल, असे विचारले की वर्ग गप्प होतो, कारण अक्षराच्या पोटातला व्यंजन-स्वराचा सांधा त्यांना अजून ऐकू आलेला नसतो. तो ऐकू येऊ लागतो पा, पी, पू, पे शेजारी-शेजारी लिहून काय तेच राहिले आणि काय बदलले हे दाखवल्यावर. बाराखडी नुसती घोकून घेतल्याने नव्हे. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या अभ्यासातही अक्षराची जाण लवकर आणि सुट्या ध्वनीची जाण सावकाश येते, असेच आढळले. त्यात आपली ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि कानाला नंतर ऐकू येते, म्हणून पहिलीतले मूल ‘कि’ लिहिताना गोंधळले तर त्यात नवल नाही.

आमच्याकडे बरीच मुले घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात. ध्वनी सोडवण्याचा सराव मी आधी त्यांच्या घरच्या शब्दांवर घेतो. पाठ्यपुस्तकातला शब्दच ओळखीचा नसेल, तर त्याचे तुकडे कसले करणार?

उत्तर ३ (सिन्नर)

देवनागरीवरही काम झाले आहे. लखनौजवळच्या खेड्यांत निरक्षर प्रौढांना सहा महिने हिंदी वाचन शिकवले, तेव्हा मेंदूच्या बाह्यस्तराबरोबरच खोलवरच्या थॅलॅमसमध्ये (डोळ्यांकडून आलेले संदेश पुढे पोचवणाऱ्या भागात) आणि मेंदूच्या देठातही बदल दिसले. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचन शिकल्याने चेहरे ओळखण्याची क्षमता घटते, असे संदेश मोबाइलवर फिरतात. त्याच प्रकल्पातून २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षांत चेहऱ्यांना मिळणारा मेंदूचा प्रतिसाद घटल्याचे आढळले नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. आम्ही सार्वजनिक वाचनालयातून पुस्तके आणून तिला रोज वाचून दाखवतो. त्यानेही हेच साधते का?

उत्तर १

अंशतः. गोष्टी ऐकल्याने शब्दसंग्रह वाढतो आणि बोलण्यात सहसा न येणारी पुस्तकी वाक्यरचना कानावर पडते, पुढे वाचलेले समजायला तिचाच आधार असतो. परंतु अक्षर आणि ध्वनी यांची जोडी केवळ ऐकून जुळत नाही. गोष्ट चालू असताना मुलांचे डोळे बहुधा चित्रावर असतात. म्हणून एखाद्या ओळीखाली बोट फिरवावे, एखादा शब्द तिला वाचू द्यावा आणि पुन्हा गोष्टीकडे वळावे. प्रत्येक पानावर परीक्षा घेतली, तर ती पुस्तक मिटून उठून जाईल.