मशीन मिळतं, मानधन मिळत नाही

बडोद्यात दांडिया बाजारात आमच्या संस्थेचा शिवणवर्ग आहे. इथल्या एका कंपनीच्या फाउंडेशनने मशिनं दिली, पण शिकवणाऱ्या ताईंच्या मानधनाचा अर्ज ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून परत आला. दोन मशिनं चादरीखाली झाकून ठेवली आहेत, शिकवायला माणूस नाही. जीव तुटतो हो. १२ए (संस्थेला आयकरात सूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत), दोन्ही नोंदण्या आहेत. काय करू?

उत्तर १: ताई, सीएसआर-१ नोंदणी केलीत का? सीएसआर म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी करायचा खर्च; तो पैसा घेणाऱ्या संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून ही सरकारी नोंदणी लागतेच. आधी ते बघा.

उत्तर २: मी एका संस्थेचा खजिनदार, रावपुऱ्यात राहतो. सीएसआरच्या नियमात प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभारखर्चाला. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा खर्च त्यात येत नाही, आणि शिकवणं म्हणजेच तुमचा प्रकल्प! अंदाजपत्रकात ‘पगार’ एवढंच लिहू नका. किती तास, किती मुली, एका मुलीमागे किती खर्च, हे मांडा. सोबत तीन वर्षांचे ऑडिट अहवाल जोडा. आणि नुसता मेल नको, भेट मागा. त्यांना वर्गात बोलवा, ती झाकलेली मशिनं दाखवा.

मूळ प्रश्नकर्ती: दादा, मनापासून आभार. सीएसआर-१ झालंय. तासांचा तक्ता आज रात्रीच करायला घेते.