बालवाडीतील सफरचंदाचा आठवडा: हाताने करण्याजोगे उपक्रम सुचवावेत

प्रश्न

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका गावात बालवाडी चालवते. वर्गात तीन ते पाच वर्षांची अठरा मुले आहेत. गेल्या वर्षी ‘फळे’ या विषयासाठी मी सफरचंदाच्या चित्राचे छापील कागद रंगवायला दिले होते. मुलांनी ते दहा मिनिटांत लाल करून परत दिले आणि त्यातून त्यांना फळाविषयी काही कळले असे मला वाटले नाही. यंदा खरे फळ त्यांच्या हाती द्यायचे आहे. मात्र प्रत्येकाला रोज एकेक सफरचंद देणे खर्चात बसत नाही. पाच-सहा फळांत आठवडाभर काय करता येईल? शेवटी बिया कुंडीत पेरून रोपे दाखवावीत, असाही विचार आहे.

प्रतिसाद १

ताई, पाच-सहा फळे पुरेशी आहेत, कारण चार-पाच मुलांच्या गटाला एक फळ दिले की ती आपोआप एकमेकांशी बोलू लागतात. पहिल्या दिवशी फळ कापूच नये. ते हातात फिरवावे, देठाजवळचा खळगा बोटाने चाचपावा, वास घ्यावा आणि आत काय असेल, किती बिया असतील, हे मुलांना विचारून त्यांची उत्तरे फळ्यावर चित्रांनी मांडावीत.

दुसऱ्या दिवशी एक फळ नेहमीप्रमाणे उभे आणि दुसरे मधोमध आडवे कापावे. आडव्या कापात पाच टोकांची चांदणी दिसते, कारण सफरचंदाच्या गाभ्यात बहुधा पाच कप्पे असतात व प्रत्येकात साधारण दोन बिया असतात. काही कप्पे रिकामे निघतात, म्हणून प्रत्येक गटाची संख्या वेगळी येते आणि मोजण्याला खरे कारण मिळते. ‘आमच्यात सात, त्यांच्यात नऊ’ हे मुले स्वतः सांगू लागली की कमी-जास्त ही कल्पना वेगळी शिकवावी लागत नाही. चांदणी आपण आधी सांगून टाकू नये, एवढी मात्र माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रतिसाद २

वरील सूचनेत पाण्याच्या घमेल्याची भर घालते. सफरचंद आणि तेवढ्याच आकाराचा बटाटा मुलांना दोन हातांत तोलायला द्यावा, मग दोन्ही पाण्यात सोडावेत. बटाटा बुडतो आणि सफरचंद तरंगते, कारण त्याच्या गरात जवळपास पाव हिस्सा हवा असते. चार वर्षांच्या मुलाला हे कारण कळले नाही तरी चालेल. हाताला जड लागलेली वस्तू बुडाली, हा अनुभव त्याच्याजवळ राहतो.

कापलेल्या दोन फोडींपैकी एकीला लिंबाचा रस लावून दोन्ही शेजारी ठेवाव्यात आणि डबा खाऊन झाल्यावर पुन्हा पाहाव्यात. हवेतील प्राणवायूमुळे साधी फोड तपकिरी पडते. लिंबाच्या आंबटपणामुळे व त्यातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे दुसरी बराच वेळ पांढरी राहते. ठशांच्या चित्रांसाठी मात्र चांगले फळ वापरू नये. फळवाल्याकडे मार लागलेली फळे स्वस्तात मिळतात. ती रंगासाठी निराळी ठेवावीत, म्हणजे खायच्या फळाशी गल्लत होणार नाही.

प्रतिसाद ३

खाण्याविषयी काळजीपूर्वक सांगावेसे वाटते. कच्च्या सफरचंदाचा कडक तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. म्हणून चार वर्षांखालील मुलांना ते किसून किंवा वाफवून मऊ करून द्यावे, मोठ्यांना साल काढून अगदी पातळ काप द्यावेत, आणि सगळ्यांनी बसूनच खावे. मोजून झालेल्या बिया लगेच उचलून ठेवाव्यात. कोणाला फळाची ॲलर्जी आहे का, हे पालकांना आधी विचारावे.

बिया पेरण्याबाबत: सफरचंद हे थंड प्रदेशातील झाड असल्यामुळे त्याच्या बीला उगवण्यापूर्वी सुमारे दोन-तीन महिने थंड ओलावा लागतो. आपल्याकडच्या कुंडीत ती थेट पेरली तर बहुधा काहीच उगवणार नाही आणि मुले रोज मातीकडे पाहून हिरमुसतील. त्याऐवजी त्याच दिवशी मूग किंवा मेथी पेरावी, जी काही दिवसांत अंकुरते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बियांची गोष्ट मला ठाऊक नव्हती. कुंडीत मेथीच पेरेन. सोमवारी फळे न कापता केवळ अंदाज विचारणार आहे. मुलांनी सांगितलेली उत्तरे इथे अवश्य लिहीन.