'लार्सन' या आडनावाचा अर्थ काय?

माझे बाबा पवईच्या कारखान्यात एकतीस वर्षं होते. घरात 'एल अँड टी' (लार्सन अँड टुब्रो) कुणीच म्हणायचं नाही. बाबा 'लार्सनला' जायचे, बोनस 'लार्सनचा' यायचा. लहानपणी मला लार्सन हे विक्रोळी-भांडुपसारखं ठिकाणाचंच नाव वाटायचं. गेल्या महिन्यात बाबा गेले. त्यांचे कागद आवरताना हा शब्द इतक्या वेळा डोळ्यांखालून गेला, की तो नीट समजून घ्यावासा वाटला. लार्सन म्हणजे काय? शेवटचं 'सन' इंग्रजीतलंच का? कंपनी काढणारे डॅनिश होते, तर डेन्मार्कमध्ये हे आडनाव पुष्कळांचं असतं का?

* * *

ताई, बाबांचं वाचून वाईट वाटलं.

लार्सन म्हणजे लार्सचा मुलगा. 'सन' इंग्रजीतून आलेलं नाही, ते डॅनिशच आहे. मुलगा या अर्थाचा त्यांचा शब्द आडनावांच्या शेवटी लागून लागून झिजला आणि त्याचं हे रूप उरलं. तो शब्द आणि इंग्रजीतला 'सन' सख्खे भाऊ, संस्कृतातला 'सूनु' त्यांचा चुलतभाऊ. आपली 'सून' मात्र या घराण्यातली नव्हे, ती 'स्नुषा'वरून आली.

आता लार्स. मूळ नाव लॅटिन, लॉरेन्टियस. रोमजवळच्या लॉरेन्टम गावचा तो लॉरेन्टियस, म्हणजे आपल्याकडचं 'कर' लावलेलं नावच म्हणा ना. लॉरेलच्या झाडाशीही त्याचा संबंध पूर्वीपासून जोडतात. इ. स. २५८ मध्ये रोमला संत लॉरेन्स हुतात्मा झाला आणि त्याच्यामुळे हे नाव युरोपभर पसरलं. डेन्मार्कात ते एवढं रुजलं त्यामागे लुंडच्या कॅथेड्रलचाही हात असणार. मध्ययुगात डेन्मार्कच्या आर्चबिशपची गादी लुंडला होती आणि तिथलं कॅथेड्रल याच संताचं. (लुंड आज स्वीडनमध्ये आहे, १६५८ च्या तहात गेलं.) लोकांच्या तोंडी रुळता रुळता लॉरेन्टियसचा कुठे लाउरिट्स झाला, कुठे लार्स. त्यामुळे लाउरिट्सन आणि लार्सन ही वेगळी दिसणारी आडनावं मुळाशी एकच आहेत.

किती लोकांचं आहे म्हणाल, तर देशाची लोकसंख्या सुमारे ६० लाख आणि लार्सन लाखाच्या आसपास. तरी क्रमांक सातवा! वर नीलसन, येन्सन, हान्सन, पेडरसन, आनर्सन (म्हणजे आपला अँडरसन), क्रिस्टेन्सन. पहिल्या दोघांचा आकडा प्रत्येकी दोन लाखांच्या वर जातो. पहिल्या दहांत 'सन' नसलेलं एकही आडनाव नाही. ते बघायला बरंच खाली यावं लागतं, तेव्हा कुठे म्युलर भेटतो, म्हणजे गिरणीवाला.

इतके लार्सन असल्यावर हाक कुणाला मारायची, हा प्रश्न येतोच. म्हणून पुष्कळ डॅनिश लोक 'सन'च्या आधी आणखी एखादं घराण्याचं नाव ठेवतात आणि ओळखले जातात त्याच नावाने. तुमच्या बाबांच्या कंपनीचे संस्थापक नुसते लार्सन नव्हते, ते हेनिंग होल्क-लार्सन. त्यांनी आणि सोरेन क्रिस्टियन टुब्रो यांनी १९३८ मध्ये मुंबईत भागीदारी सुरू केली. दोघेही इंजिनियर. होल्क-लार्सन पुढे मुंबईचेच झाले आणि २००३ मध्ये इथेच वारले. कंपनीच्या नावात मात्र 'होल्क' गळलं आणि सगळ्यात सर्वसाधारण भाग तेवढा उरला.

* * *

म्हणजे हे आपल्या मधल्या नावासारखंच झालं की. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव लावतो. त्यांच्याकडे वडिलांचं नाव हेच आडनाव? मग दर पिढीला आडनाव बदलत असेल. आणि मुलींचं काय, त्याही 'लार्सचा मुलगा'?

* * *

ताई, बरोबर ओळखलंत. पूर्वी दर पिढीला बदलायचंच. लार्सचा मुलगा नील्स असेल तर तो नील्स लार्सन, नील्सचा मुलगा पुन्हा लार्स नीलसन. पहिल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची रीत तिकडेही होती, त्यामुळे एकाच घरात ही दोन नावं आलटून पालटून शंभर-दीडशे वर्षं फिरत राहायची. मुली 'लार्सडॅटर' व्हायच्या, लार्सची लेक. लग्नानंतरही बाईचं हे नाव बदलत नसे. लग्न झालं म्हणून ती कुणा दुसऱ्याची लेक थोडीच होणार!

सरदार घराण्यांना कायमची आडनावं घ्यायला लावली १५२६ मध्ये, राजा पहिला फ्रेडरिक याने. शेतकरी जुन्याच रीतीने चालत होते. मग १८२८ मध्ये हुकूम निघाला, की बाप्तिस्म्याच्या वेळीच मुलाचं आडनावही नोंदवायचं. त्या घडीला वडिलांचं जे 'सन' होतं ते गोठलं आणि पुढच्या सगळ्यांना चिकटलं. त्या काळात पहिली नावं मोजकीच होती, येन्स, नील्स, हान्स, पेडर, लार्स. म्हणून आडनावंही मोजकीच उरली. मुलींचं 'डॅटर' यातच गेलं आणि त्याही कागदोपत्री 'मुलगा' झाल्या. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत जास्त लागते.

हे गोठणं एका माणसाच्या नावात चक्क दिसतं. परीकथा लिहिणारे हान्स क्रिस्टियन अँडरसन, जन्म १८०५, ओडेन्स. वडील चांभारकाम करायचे, त्यांचं नाव हान्स. जुन्या रीतीने मुलगा हान्सन व्हायला हवा होता. पण शहरांत आडनावं आधीच स्थिरावू लागली होती, म्हणून लेखकाच्या नावात अँडरसन आलं ते आजोबांवरून, त्यांचं नाव आनर्स. आईचं नाव आना मारी आनर्सडॅटर, कारण तिच्या वडिलांचंही नाव तेच. एका छपराखाली दोन वेगवेगळ्या आनर्सांची आठवण नांदत होती, आणि त्यातली आईकडची तिच्याबरोबर संपली.

१९०४ च्या कायद्याने 'सन' सोडून दुसरं आडनाव घेणं स्वस्त आणि सोपं केलं, ते हवं तेवढं कुणी सोडलं नाही. आणि २००६ पासून जुनी रीत पुन्हा खुली झाली आहे. आई किंवा वडील, कुणाच्याही नावाला 'सन' किंवा 'डॅटर' जोडून आडनाव घेता येतं. आइसलँडमध्ये तर ती रीत कधी थांबलीच नाही.

* * *

मी मडगावची. हा लॉरेन्टियस आमच्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला आणि लोरेन्सो झाला. पहिलं नाव म्हणूनही असतं, आडनाव म्हणूनही. आगशीचं चर्च त्याच संताचं, फेस्त १० ऑगस्टच्या सुमारास. म्हणजे आमचे लोरेन्सो आणि कोपनहेगनचे लार्सन एकाच संताच्या नावाचे! आणि 'डॅटर' वाचल्यावर राहवलं नाही म्हणून सांगते, कोंकणीत मुलीला आम्ही 'धूव' म्हणतो. संस्कृत 'दुहितृ' प्राकृतातून आमच्यापर्यंत आला तो असा. डॅनिशांचा 'डॅटर' त्याच कुळातला.

* * *

धूव! हा शब्द मराठीने जपायला हवा होता, खरंच.

एक लेखनाचं राहिलं. डॅनिश माणूस लार्सन म्हणतो तेव्हा 'र' जवळजवळ ऐकूच येत नाही, 'लासन' असं काहीसं कानावर येतं. अँडरसनमधला 'ड' मुका, म्हणून मी वर आनर्सन लिहिलं. तरी माझं मत असं, की जी नावं मराठीत रुळली ती तशीच राहू द्यावीत. लार्सन, अँडरसन आता आपले झालेत. पण जी अजून रुळली नाहीत ती इंग्रजीच्या वाटेने आणू नयेत. त्यांच्या स्पेलिंगमधला जे म्हणजे आपला 'य'. तेव्हा येन्सन लिहावं, जेन्सन नको. भाषाशास्त्र शिकलेल्यांना ओट्टो येस्पर्सन ठाऊक असतील, तेही येस्परचे वंशज, जेस्परचे नव्हेत.

* * *

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, लासन-बिसन काही नाही, तुझे बाबा लार्सनलाच होते.